प्लेटलेट्स का उतरल्या, ते स्लाइड सांगते

पावसाळा लागला की या सदराच्या टपालात प्लेटलेट्सचे आकडे येऊ लागतात. मुंबईत या दिवसांत डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो एकाच वेळी फिरत असतात, त्यामुळे आकडा खाली गेला की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही साथीकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण या वेळी निवडलेली पत्रं अशा तरुण मुलामुलींची आहेत, ज्यांच्या अंगावर किंवा अंगाबाहेर रक्त येतंय आणि त्याचा हिशेब साथीत बसत नाही. त्यामागे कधी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग असू शकतो. पहिल्या पत्राचं उत्तर अंक छापेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. ते त्याच दिवशी फोनवर कळवलं आहे. इथे बाकीच्यांसाठी सविस्तर देत आहोत.

प्रश्न : माझी भाची १९ वर्षांची आहे. पाळी अकरा दिवस झाले थांबत नाही, तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागतं. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. पायांवर मोहरीएवढे लाल ठिपके आहेत आणि काही न लागता मांडीवर, दंडावर काळेनिळे डाग उठलेत. ताप गेल्या तीन दिवसांत, तोही शंभरच्या आत. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन ७.८, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट्स १४,०००. डेंग्यूची एनएस१ निगेटिव्ह. आमचे डॉक्टर म्हणतात, साथ आहे, डेंग्यूच असणार, चार दिवसांनी परत तपासू. थांबावं का?
— एक मामा, डोंबिवली

उत्तर : थांबू नका. आजच हालचाल करा.

तुमच्या डॉक्टरांना डेंग्यू का वाटला, हे समजण्यासारखं आहे. डेंग्यूत पांढऱ्या पेशी उतरतात आणि प्लेटलेट्सही उतरतात. एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू सुटत नाही, कारण ही तपासणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच भरवशाची असते आणि तेव्हाही काही रुग्णांत चुकते. हिमोग्लोबिन अकरा दिवसांच्या रक्तस्रावानेही खाली येऊ शकतं. म्हणजे नुसते तीन आकडे पाहून कोणीच काही ठाम सांगू शकणार नाही.

पण तारखा बघा. डेंग्यूत आधी ताप येतो, तोही चढा. प्लेटलेट्स ताप उतरायच्या सुमारास, साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी तळाला जातात आणि आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत सावरू लागतात. तुमच्या भाचीला रक्त जाऊ लागलं अकरा दिवसांपूर्वी आणि ताप आला तीन दिवसांपूर्वी. हा क्रम उलटा आहे. शिवाय डेंग्यूत रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट वाढतं. इथे तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम कमी आहेत. मॅरोमध्ये, म्हणजे जिथे रक्त तयार होतं तिथेच, काहीतरी अडलं असण्याची शक्यता त्यामुळे पुढे येते. त्यात ॲप्लास्टिक ॲनिमिया येतो, बी१२ ची तीव्र कमतरता येते, ल्युपससारखे आजार येतात आणि ॲक्यूट ल्युकेमिया येतो.

यांतला फरक करणारी पहिली तपासणी स्वस्त आहे आणि तासाभरात होते. तिला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. रक्ताचा थेंब काचेवर पसरवून, रंगवून पॅथॉलॉजिस्ट स्वतः मायक्रोस्कोपखाली बघतात. लॅबला फोन करून विचारा : स्लाइड माणसाने पाहिली आहे का, की रिपोर्ट फक्त मशीनचा आहे? पाहिली नसेल तर ताज्या रक्ताची बनवून घ्या, कारण जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त चार-पाच तास राहिलं की पेशींचे आकार बिघडू लागतात. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहून मागा : ब्लास्ट, म्हणजे कोवळ्या, अपक्व पेशी आहेत की नाहीत, ॲबनॉर्मल प्रोमायलोसाइट (पांढऱ्या पेशीची अर्धवट वाढलेली अवस्था) आहेत की नाहीत, ऑअर रॉड, म्हणजे पेशीतल्या काड्या दिसल्या का.

प्रोमायलोसाइटचा उल्लेख मुद्दाम केला. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यात एपीएल किंवा एम३, हा प्रकार तरुणांत अनेकदा असाच येतो : पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी कमी आणि रक्तस्राव प्लेटलेट्सच्या मानाने फार जास्त. मोहरीएवढे ठिपके हे प्लेटलेट्स कमी असल्याची खूण. न लागता उठणारे मोठे डाग, सुई टोचलेल्या जागेतून पाझरणारं रक्त ही गोठण्याची साखळीच बिघडल्याची खूण. एपीएलमध्ये दोन्ही होतं. या रोगट पेशींमधून टिश्यू फॅक्टर सुटतो आणि सगळ्या शरीरभर रक्त बारीक बारीक गोठत राहतं, त्यात गोठवणारी द्रव्यं खर्च होतात. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर ॲनेक्झिन-२ भरपूर असतं, ते झालेली गुठळीही विरघळवतं. म्हणून भाचीच्या रक्ताचा पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन आणि डी-डायमर, या गोठण्याच्या तपासण्या आजच करायला हव्यात. फायब्रिनोजेन निरोगी माणसात डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं आणि तापात एरवी ते वाढतं. त्यामुळे ताप असताना १७०-१८० आलं तर "थोडंच कमी आहे" म्हणून सोडून देऊ नये.

स्लाइडवर एपीएलचा संशय आला तर एक नियम सगळे रक्तविकारतज्ज्ञ मानतात : जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता एटीआरए, म्हणजे ट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल त्याच दिवशी सुरू करायच्या. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर, चौरस मीटरला दिवसाला ४५ मिलिग्रॅम, दोन वेळांत वाटून. साधारण ५० किलो वजनाच्या मुलीचा पृष्ठभाग दीड चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे दिवसाला ७० मिलिग्रॅम : १० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल सकाळी आणि तीन रात्री, जेवणासोबत. लहान मुलांत आणि किशोरवयात बरेच डॉक्टर २५ मिलिग्रॅमचं प्रमाण धरतात. पुढे एपीएल नाही असं निघालं तर औषध बंद करता येतं, दोन-तीन दिवसांच्या कॅप्सूलने फारसं नुकसान होत नाही. न दिल्याचं नुकसान मात्र भरून येत नाही, कारण या आजारात सुरुवातीच्या दिवसांत जाणारे रुग्ण बहुतेक मेंदूतल्या रक्तस्रावाने जातात. कॅप्सूल देण्याआधी गर्भधारणेची तपासणी करावी, कुटुंबाला अवघड वाटलं तरी. हे औषध गर्भाला घातक आहे. आणि न थांबणाऱ्या रक्तस्रावात ती तपासणी तशीही करायचीच असते.

सोबत रक्तपेढीचं काम सुरू होतं. एपीएलमध्ये प्लेटलेट्स ३० ते ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन १५० च्या वर ठेवायचं असतं. त्यासाठी प्लेटलेट्स, क्रायोप्रेसिपिटेट (फायब्रिनोजेन असलेली पिशवी, बोलण्यात क्रायो) आणि गरज पडली तर एफएफपी, म्हणजे गोठवून ठेवलेला प्लाझ्मा. पहिले काही दिवस या तपासण्या दिवसातून दोन-तीनदा कराव्या लागतात. म्हणून ज्या रुग्णालयात रक्तपेढी आणि कोॲग्युलेशनची लॅब रात्रीही चालते, तिथेच जा. तुम्हाला डोंबिवलीहून मध्य रेल्वेच्या वाटेवर सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचं केईएम आहे. कॅज्युअल्टीत सरळ सांगा : "तिन्ही पेशी कमी आहेत, रक्त थांबत नाही, स्लाइड बघायची आहे." सोमवारी सकाळी टाटाची ओपीडी उघडेल म्हणून शनिवार-रविवार घरी काढू नका. टाटाला पुढे जाता येईल, पण रक्तस्राव आधी आवरायला हवा.

तोवर घरी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काही देऊ नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन नको, स्नायूत रक्त साठतं. पाळी थांबवायला ट्रानेक्सामिक किंवा हार्मोनच्या गोळ्या स्वतःहून नकोत, कारण एपीएलमध्ये रक्त वाहण्यासोबत गुठळ्या होण्याचाही धोका असतो. नाकातून रक्त आलं तर बसवून, मान किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग सलग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरा, मध्ये सोडून बघू नका. आणि डोकं अचानक ठणकलं, उलटी झाली, एकाचं दोन दिसू लागलं किंवा मुलगी गुंगीत गेली, तर वाट न पाहता तशीच उचला. १०८ ला फोन करा.

प्रश्न : १७ वर्षांचा मुलगा. दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त पाझरतंय. हिमोग्लोबिन ९.१, पांढऱ्या पेशी ४६,०००, त्यात मशीनने ९२ टक्के लिम्फोसाइट दाखवले, प्लेटलेट्स ३२,०००. मानेत गाठी आहेत, आडवा झाला की दम लागतो. आयटीपी समजून प्रेडनिसोलोन सुरू करावं आणि आठवड्याने बघावं, असा विचार आहे. योग्य आहे का?
— फॅमिली डॉक्टर, विक्रोळी

उत्तर : डॉक्टर, प्रेडनिसोलोन किंवा कुठलंही स्टिरॉइड देऊ नका. आयटीपीत, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करतं त्या आजारात, फक्त प्लेटलेट्स कमी असतात. बाकी पेशी ठीक असतात आणि गाठी, वाढलेली प्लीहा नसते. ब्लास्ट आणि लिम्फोसाइट यांत मशीन अनेकदा फरक करू शकत नाही. हे ९२ टक्के "लिम्फोसाइट" स्लाइडखाली ब्लास्ट निघण्याची शक्यता मोठी आहे, आणि वय, गाठी, दम पाहता टी-पेशींचा ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया पहिल्यांदा मनात यावा.

स्टिरॉइड हे याच आजारावरचं औषध आहे, अडचण तीच आहे. आठवडाभर प्रेडनिसोलोन दिलं की ब्लास्ट विरघळतात, मुलगा टवटवीत होतो, आकडे सुधारतात आणि सगळ्यांना निदान बरोबर होतं असं वाटतं. काही आठवड्यांनी रोग परततो. तोवर पहिल्या दिवसाचे आकडे, पेशींचा प्रकार, उपचाराला मिळालेला खरा प्रतिसाद हे सगळं पुसलेलं असतं, आणि उपचाराची तीव्रता ठरवायला नेमकं तेच लागतं. शिवाय पेशी एकदम फुटल्या की ट्यूमर लायसिस होतो : पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड वाढतं, कॅल्शियम उतरतं, मूत्रपिंड बंद पडतं. बाह्यरुग्ण म्हणून घरी असलेल्या मुलाला हे झालं तर कळायलाच उशीर होईल.

आता दम. याला झोपवण्याआधी, गुंगी देण्याआधी, मॅरोची तपासणी करण्याआधी छातीचा एक्स-रे काढा, उभ्याने किंवा बसवून. छातीच्या मधल्या भागात थायमसची मोठी गाठ असेल तर आडवं केल्यावर श्वासनलिका दाबली जाते आणि भूल दिल्यावर श्वास परत मिळवणं अवघड होतं. एक्स-रेत गाठ दिसली तर मॅरोचा आग्रहही सोडता येतो. रक्तात एवढे ब्लास्ट असताना फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणारी तपासणी, हाताच्या रक्तावर होते. श्वासासाठी स्टिरॉइड द्यावंच लागलं, तर तो निर्णय रक्तविकारतज्ज्ञांना घेऊ द्या आणि पहिल्या मात्रेआधी जांभळ्या आणि हिरव्या टोपणाच्या नळ्या भरून ठेवायला सांगा.

तुमच्या दवाखान्यात करण्यासारखं एवढंच : दाढेच्या जागी ट्रानेक्सामिकमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा घट्ट चावून धरायला द्या, अर्धा तास न उघडता. सलाइन लावलंत तर त्यात पोटॅशियम नको. पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, युरिक ॲसिड, एलडीएच, क्रिएटिनिन यांचं रक्त पाठवा. फक्त लक्षात असू द्या, पांढऱ्या पेशी फार असल्या की त्या नळीत फुटून पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं; ईसीजी बघा, नमुना ताबडतोब तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ९ आहे म्हणून रक्त चढवायची घाई नको. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर जातात तेव्हा तर रक्त आधीच दाट असतं, लाल पेशी घातल्या की मेंदू-फुप्फुसांतला प्रवाह अडतो. वृषणांची तपासणी लाजेने राहून जाते, ती करून चिठ्ठीत लिहा. चिठ्ठीत "स्टिरॉइड दिलेलं नाही" हे वाक्य जरूर लिहा. पुढच्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न : मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मशीनवर प्लेटलेट्स २२,००० येतात आणि पेशंट ठणठणीत असतो, किंवा एपीटीटी लांबतो आणि परत केला की नॉर्मल येतो. ल्युकेमियासारखा आजार सुटू नये आणि उगाच घबराटही होऊ नये, यासाठी काय बघावं?
— कल्याण

उत्तर : तुमच्या हातात पुष्कळ आहे, म्हणून थोडं विस्ताराने.

काही लोकांच्या प्लेटलेट्स ईडीटीएमध्ये, म्हणजे जांभळ्या नळीतल्या रक्त न गोठू देणाऱ्या रसायनात, एकमेकींना चिकटतात. मशीनला पुंजका दिसतो, प्लेटलेट मोजली जात नाही. स्लाइडच्या पिसाऱ्यासारख्या शेवटच्या कडेला बघा, पुंजके तिथे सापडतात. नमुना निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत परत घ्या आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण सायट्रेटने रक्त दहा टक्के पातळ झालेलं असतं. स्लाइडवरून अंदाज घ्यायचा तर ऑइल इमर्शनखाली दहा फील्डमधल्या प्लेटलेट्सची सरासरी काढून तिला पंधरा ते वीस हजारांनी गुणा.

उलटी चूक जास्त धोक्याची आहे आणि तिच्याबद्दल फार बोललं जात नाही. ल्युकेमियात ब्लास्टचे तुकडे पडतात आणि मशीन ते प्लेटलेट म्हणून मोजतं. रिपोर्टमध्ये ६०,००० दिसतात, प्रत्यक्षात २०,००० असतात. पेशंटला रक्त येतंय आणि आकडा त्या मानाने चांगला आहे, असं जुळत नसेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

गोठण्याच्या तपासणीत बहुतेक चुका नळी भरतानाच होतात. ३ मिलिलिटरच्या नळीत ०.३ सायट्रेट आणि २.७ रक्त, म्हणजे एकास नऊ. नळी रेघेपर्यंत भरली नाही की सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, एपीटीटी दोन्ही खोटे लांबतात. निळी नळी जांभळीच्या आधी भरा. ईडीटीएचा अंश जरी तिच्यात गेला तरी कॅल्शियम बांधलं जातं आणि वेळ लांबते. हेपारिनने धुतलेल्या लाइनमधून नमुना घेतला तरी तेच. नळीत गुठळी असेल तर नमुना फेकून द्या, "थोडीशीच आहे" म्हणून चालवू नका. गुठळीत फायब्रिनोजेन खर्च झालेलं असतं आणि एपीएलचा खोटा संशय उभा राहतो.

पांढऱ्या पेशी २,००० च्या खाली असतील तर नेहमीच्या स्लाइडवर ब्लास्ट हाताशी लागत नाहीत. नळी फिरवून मधल्या पांढऱ्या थराची, म्हणजे बफी कोटची स्लाइड बनवा, तिच्यात पेशी एकवटतात. मोजायच्या किमान २०० पेशी. एपीएलच्या पेशीत दाट जांभळे कण भरलेले असतात, कधी काड्यांच्या मोळीसारखे ऑअर रॉड दिसतात. पण याचा एक फसवा प्रकार आहे : कण जवळजवळ दिसत नाहीत, केंद्रक फुलपाखरासारखं दुभंगलेलं असतं आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. तो मोनोसाइट म्हणून सोडला जातो. असं केंद्रक आणि लांबलेला पीटी एकत्र आले तर पॅथॉलॉजिस्टना त्याच क्षणी बोलवा आणि रिपोर्ट छापायची वाट न बघता पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. फोन कोणाला, किती वाजता केला, तेही लिहून ठेवा.

प्रश्न : पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यांनी प्लेटलेट्स वाढतात का?
— घाटकोपर

उत्तर : ल्युकेमियात नाही. डेंग्यूत प्लेटलेट्स आपल्या आपण चढतात आणि श्रेय रसाला मिळतं. कारण माहीत नसताना रसावर दिवस काढणं, हाच खरा धोका. शिवाय पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाला कच्चं दूध आणि घरी वाटलेला कच्चा रस देऊ नये, जंतुसंसर्ग होतो.

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाला पाठीतून पाणी काढायला सांगितलंय. गावाकडचे सगळे म्हणतात, मणक्यात सुई घातली की पाय जातात. आम्ही चिपळूणहून आलो आहोत, मुंबईत कोणी नाही. काय करावं?
— एक आई, मुक्काम परळ

उत्तर : ताई, तुम्हाला दोन वेगळ्या तपासण्यांबद्दल सांगितलं असावं आणि दोन्हींना लोक "पाठीतलं पाणी" म्हणतात.

पहिली बोन मॅरो. ती मणक्यातून होत नाही. कमरेच्या मागे, जिथे दोन्ही बाजूंना खळी पडते, तिथलं खुब्याचं हाड हाताला लागतं. सुई तिथे जाते. त्या हाडाजवळ मज्जारज्जू नाही, त्यामुळे पाय जायचा प्रश्न नाही. मुलाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घेतात. नऊ वर्षांच्या मुलाला बहुधा गुंगीचं औषध देतात, आणि जागा बधिर करायला लिग्नोकेनचं इंजेक्शन, ते मिनिटभर चुरचुरतं. आतला मगज सिरिंजमध्ये ओढताना जोराची कळ जाते, काही सेकंदच. पहिला थेंब-दोन थेंब स्लाइडसाठी, कारण जास्त ओढला की त्यात साधं रक्त मिसळतं. मग नळ्या भरतात : जांभळी फ्लो सायटोमेट्री आणि जनुकीय तपासणीसाठी, हिरवी गुणसूत्रांसाठी. गरज असेल तर जाड सुईने हाडाचा दीड-दोन सेंटिमीटरचा बारीक तुकडा काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. कधी कधी मगज इतका गच्च भरलेला असतो की सिरिंजमध्ये काही येतच नाही. डॉक्टर "ड्राय टॅप" म्हणाले तर घाबरू नका, तेव्हा त्या तुकड्याचेच ठसे काचेवर घेतात. सगळं अर्ध्या तासात आटोपतं. नंतर दहा मिनिटं दाबून धरायचं आणि त्या बाजूवर तासभर पडून राहायचं. पट्टी एक दिवस ओली होऊ द्यायची नाही. प्लेटलेट्स कमी असल्या तरी ही तपासणी करता येते, कारण ती जागा बाहेरून दाबता येते.

दुसरी तपासणी कमरेच्या मणक्यांतून पाणी काढण्याची. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात लपतात, तिथे शिरेतली बरीचशी औषधं नीट पोचत नाहीत. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, म्हणून इथेही पाय जात नाहीत. ही घाईने करायची नसते. प्लेटलेट्स बहुधा ५०,००० च्या वर नेऊन, अनुभवी हाताने, आणि पहिल्याच वेळी त्या पाण्यात औषध सोडून करतात, म्हणजे टोचताना रक्तातला एखादा ब्लास्ट आत गेला तरी तो मारला जावा. नंतर तासभर आडवं ठेवतात. "प्लेटलेट्स किती आहेत आणि आज औषध सोडणार का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रिपोर्ट एकदम येत नाहीत, त्यानेच आईबापांचा जीव टांगणीला लागतो. स्लाइडचा अंदाज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळतो. फ्लोला एक-दोन दिवस लागतात. ल्युकेमिया लिम्फोब्लास्टिक की मायलॉइड, बी की टी, हे ती सांगते. एपीएलची पीएमएल-आरएआरए ही जनुकीय तपासणीही दोन-तीन दिवसांत येते. गुणसूत्रांच्या पेशी लॅबमध्ये वाढवाव्या लागतात, म्हणून एक-दोन आठवडे. उपचार शेवटच्या कागदासाठी अडत नाहीत. स्लाइड, नळ्यांचे नंबर आणि प्रत्येक रिपोर्ट एका फायलीत ठेवा. दुसरीकडे मत घ्यायचं झालं तर मुलाला परत टोचावं लागणार नाही.

राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. तिथे कर्करोगाचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात, त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र घ्या.

प्रश्न : ल्युकेमिया म्हणजे सगळं संपलं का? आणि खर्च?
— विरार

उत्तर : नाही. लहान मुलांतला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया चांगल्या केंद्रात, उपचार अर्धवट न सोडता घेतला तर बहुसंख्य मुलं बरी होतात. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि गळती होते ती मधेच, मूल बरं दिसायला लागल्यावर. मोठ्यांत आणि मायलॉइड प्रकारात गणित कठीण असतं, ते जनुकीय रिपोर्टवर ठरतं. एपीएल एके काळी सगळ्यांत जीवघेणा मानला जायचा. १९८८ मध्ये शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने एटीआरएचे निष्कर्ष छापले, हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिक ट्रायऑक्साइड पुढे आणलं. आज पांढऱ्या पेशी १०,००० पर्यंत असलेल्या रुग्णांत ही दोन औषधं मिळून, नेहमीच्या केमोशिवाय, दहातले नऊजण बरे होतात. अर्थात पहिला पंधरवडा पार पडला तर. त्या पंधरवड्यात ताप, दम, एकदम वाढलेलं वजन दिसलं तर नर्सला लगेच सांगा. एटीआरएमुळे तसं होतं आणि डेक्सामेथासोनने आवरतं.

खर्चासाठी भरती होताच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते, बिल भरल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

प्रश्न : पुतण्याला ल्युकेमिया आहे. घरातले सगळे रक्त द्यायला तयार आहेत. कोणी द्यावं, काय द्यावं?
— एक काका, लालबाग

उत्तर : आईवडील आणि सख्ख्या भावंडांनी त्याला रक्त किंवा प्लेटलेट्स देऊ नयेत. पुढे मॅरो ट्रान्सप्लांटची वेळ आली तर हेच दाते लागतील, आणि आधीच त्यांचं रक्त गेलं असेल तर शरीर ते नाकारायला शिकलेलं असतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, ती राखून ठेवा. त्यांनी रक्तपेढीत बदली रक्त जरूर द्यावं, ते दुसऱ्या कुणाला जाईल. तुमच्या लालबागच्या गल्लीतल्या मंडळाची मुलं इथे खरी उपयोगी पडतात.

साध्या रक्तदानातून निघणारी प्लेटलेटची एक पिशवी मोठ्या माणसाच्या प्लेटलेट्स पाच-दहा हजारांनी वाढवते. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेली पिशवी, तीस ते पन्नास हजारांनी वाढवते. दाता किमान ५० किलोचा, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर आणि तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेला हवा. पोटभर खाऊन यावं, दीड तास लागतो. मध्ये ओठांना मुंग्या आल्या तर सांगावं, सायट्रेटने कॅल्शियम उतरतं, गोळी देतात. तोच दाता ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, म्हणून पाच-सहा जणांची यादी आणि फोन नंबर आधीच करून ठेवा. रक्तपेढीला "इरॅडिएटेड", म्हणजे किरणांची प्रक्रिया केलेली पिशवी मागा.

पिशवी दुसऱ्या रक्तपेढीतून आणायची झाली तर एक गोष्ट जपा. लाल पेशी बर्फाच्या डब्यातून आणतात, पण प्लेटलेट्सना बर्फ लावायचा नाही. त्या २० ते २४ अंशांवर, हलत्या ठेवायच्या असतात; थंडीने निकामी होतात. वेगळ्या पिशवीत, उन्हापासून आडोशाला धरा. वितळवलेलं क्रायो चार तासांच्या आत चढायला हवं. म्हणून वॉर्डातली नर्स "आता आणा" म्हणेपर्यंत ते वितळवायला सांगू नका.